रॅचेल बॉडली

रॅचेल लिटलर बॉडली (७ डिसेंबर, १८३१ – १५ जून, १८८८) या अमेरिकेतील रसायनशास्त्राच्या प्राध्यापक, वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक आणि फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या महाविद्यालयाच्या अधिष्ठाता होत्या. १८७४ पासून निधनापर्यंत, म्हणजे सुमारे चौदा वर्षे, त्या अधिष्ठातापदावर होत्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक असलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांना याच काळात या महाविद्यालयात प्रवेश मिळाला. आनंदीबाईंचा अर्ज स्वीकारण्यापासून त्यांच्या निधनानंतर त्यांची आठवण अमेरिकन वाचकांपुढे ठेवण्यापर्यंत बॉडली यांचा या प्रवासाशी संबंध राहिला. पंडिता रमाबाई यांच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या इंग्रजी ग्रंथाची प्रस्तावनाही बॉडली यांनीच लिहिली. विद्यापीठांत ‘परदेशी विद्यार्थी सल्लागार’ असे पद अस्तित्वात येण्यापूर्वीच्या काळात त्या पदाचे बरेचसे काम त्यांनी अधिष्ठाता या नात्याने केले.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

बॉडली यांचा जन्म अमेरिकेतील ओहायो राज्याच्या सिनसिनाटी या शहरात झाला. वडील अँथनी बॉडली हे सुतारकाम व साचे बनवण्याचे काम करीत. आई रिबेका या शिक्षिका होत्या आणि स्वतःची खासगी शाळा चालवीत. कुटुंब प्रेस्बिटेरियन पंथाचे होते. बाराव्या वर्षापर्यंत रॅचेल आईच्याच शाळेत शिकल्या. १८४४ मध्ये त्यांनी सिनसिनाटीच्या वेस्लियन फीमेल कॉलेजात प्रवेश घेतला आणि १८४९ मध्ये तेथील शिक्षण पूर्ण केले. पुढे त्याच संस्थेत त्या साहाय्यक शिक्षिका झाल्या व क्रमाने वरच्या वर्गांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षाच्या सुमारास, १८६० मध्ये, त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. फिलाडेल्फियाच्या पॉलिटेक्निक कॉलेजात त्यांनी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचा प्रगत अभ्यास केला आणि त्याच शहरातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र यांचे शिक्षण घेतले. अमेरिकेत स्त्रियांना प्रयोगशाळेतील विज्ञानशिक्षण क्वचितच उपलब्ध असण्याचा तो काळ होता. १८६२ मध्ये सिनसिनाटीला परतल्यावर त्या सिनसिनाटी फीमेल सेमिनरी या संस्थेत निसर्गविज्ञानाच्या शिक्षिका झाल्या.

वैज्ञानिक कार्य

सेमिनरीत असताना बॉडली यांनी जोसेफ क्लार्क यांच्या वनस्पतिसंग्रहातील वाळवलेल्या नमुन्यांची पद्धतशीर वर्गवारी केली. या संग्रहाची त्यांनी तयार केलेली सूची १८६५ मध्ये छापली गेली.

त्याच वर्षी स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना रसायनशास्त्र व विषशास्त्र या विषयाचे प्राध्यापकपद दिले. १८७१ मध्ये फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेसचे सदस्यत्व त्यांना मिळाले. १८७४ मध्ये प्राणवायूच्या शोधाला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने रसायनशास्त्रज्ञांचे संमेलन भरवण्याची चर्चा चालू असता, ते पेनसिल्व्हेनियातील नॉर्थम्बरलँड येथे, जोसेफ प्रिस्टली यांच्या समाधीच्या गावी, भरवावे अशी सूचना बॉडली यांनी केली व ती मान्य झाली. या संमेलनानंतर दोन वर्षांनी स्थापन झालेल्या अमेरिकन केमिकल सोसायटीच्या आरंभीच्या सदस्यांत त्यांचे नाव आहे. १८८० च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी घरगुती व्यवहारातील रसायनशास्त्र या विषयावर व्याख्याने दिली.

महाविद्यालयाची पार्श्वभूमी

बॉडली ज्या महाविद्यालयात आल्या, ते १८५० मध्ये ‘फीमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ या नावाने स्थापन झाले होते. त्याच्या उभारणीत क्वेकर पंथीय सुधारकांचा मोठा वाटा होता. १८६७ मध्ये त्याचे नाव ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ असे झाले. आरंभीची वर्षे संघर्षाची होती. १८५८ मध्ये फिलाडेल्फियातील डॉक्टरांच्या संघटनेने या महाविद्यालयाशी संबंधित स्त्री-डॉक्टरांशी सल्लामसलत करण्यास आपल्या सदस्यांना मज्जाव केला. विद्यार्थिनींना रुग्णालयीन अनुभव कोठेच मिळेना, म्हणून डॉ. ॲन प्रेस्टन यांच्या पुढाकाराने १८६१ मध्ये स्त्रियांचे स्वतंत्र रुग्णालय सुरू करावे लागले.

नोव्हेंबर १८६९ मध्ये या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधील व्याख्यानास गेल्या असता पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली व त्यांच्यावर कागदाचे गोळे फेकले. या प्रकाराने शहरात मोठा वाद झाला. महाविद्यालयाच्या अध्यापकवर्गाने माघार न घेता, रुग्णांजवळ उभे राहून शिकण्याचा विद्यार्थिनींचा हक्क जाहीरपणे मांडला. त्या वेळी बॉडली याच अध्यापकवर्गात होत्या. आपल्याच देशात, आपल्याच शहरात उपऱ्यासारखी वागणूक मिळणाऱ्या विद्यार्थिनींना सांभाळणे हे या संस्थेचे रोजचे काम होते. परदेशातून आलेल्या विद्यार्थिनींकडे पाहण्याची तिची दृष्टी समजून घेताना ही पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते.

अधिष्ठातापद

डॉ. ॲन प्रेस्टन आणि त्यांच्यानंतर डॉ. एमेलिन क्लीव्हलँड यांनी अधिष्ठातापद सांभाळले. १८७४ मध्ये ते बॉडली यांच्याकडे आले. त्या रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, विज्ञानाच्या अध्यापक होत्या. तरीही वैद्यकीय महाविद्यालयाचे नेतृत्व त्यांच्याकडे सोपवले गेले. पुढे महाविद्यालयाने त्यांना एम.डी. ही सन्माननीय पदवी दिली. १८७५ मध्ये महाविद्यालय खास त्याच्यासाठी बांधलेल्या नव्या इमारतीत गेले. अध्यापनाचा काळ वाढवून अभ्यासक्रम तीन वर्षांचा व टप्प्याटप्प्याने कठीण होत जाणारा करण्याकडे महाविद्यालयाची वाटचाल त्यांच्याच कारकिर्दीत झाली. आनंदीबाईंचे शिक्षणही तीन वर्षांचे होते.

१८८१ मध्ये बॉडली यांनी ‘द कॉलेज स्टोरी’ या नावाने एक भाषण प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी महाविद्यालयाच्या हयात पदवीधरांना प्रश्नावली पाठवून माहिती मागवली होती. त्या व्यवसाय करतात का, कोणत्या प्रकारचे रुग्ण पाहतात, उत्पन्न किती, विवाहाचा व्यवसायावर काय परिणाम झाला, असे प्रश्न त्यांनी विचारले. वैद्यकीय शिक्षण घेऊन स्त्रिया लग्नानंतर घरीच बसतात, हा आक्षेप त्या काळी सर्रास घेतला जाई. त्याला वादाने उत्तर न देता बॉडली यांनी आकड्यांनी उत्तर दिले. बहुसंख्य पदवीधर व्यवसायात टिकून असल्याचे त्यातून दिसून आले. अमेरिकेतील व्यावसायिक स्त्रियांविषयीच्या आरंभीच्या पाहण्यांत या कामाची गणना होते.

महाविद्यालयाबाहेरही त्या सक्रिय होत्या. १८८० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या शाळा-समितीवर त्यांची दोन वेळा निवड झाली, तसेच राज्याच्या धर्मादाय मंडळासाठी संस्थांची पाहणी करण्याचे कामही त्यांनी केले.

परदेशी विद्यार्थिनी

स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा परदेशांशी संबंध प्रथम ख्रिस्ती मिशनच्या मार्गाने आला. १८६९ मध्ये येथून पदवी घेतलेल्या डॉ. क्लारा स्वेन १८७० मध्ये भारतात आल्या व त्यांनी बरेली येथे स्त्रियांसाठी वैद्यकीय सेवा सुरू केली. त्या शिकत असताना बॉडली त्यांच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. अमेरिकेतून स्त्री-डॉक्टर परदेशी पाठवणे आणि परदेशातील स्त्रीला येथे आणून डॉक्टर करणे, यांत मोठे अंतर होते. ते अंतर बॉडली यांच्या कारकिर्दीत ओलांडले गेले.

आनंदीबाई जोशी यांचा प्रवेश

आनंदीबाई जोशी (३१ मार्च, १८६५ – २६ फेब्रुवारी, १८८७) यांचा विवाह वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. पण योग्य वैद्यकीय मदतीअभावी तो दहा दिवसांतच दगावला. पत्नीला अमेरिकेत शिकवण्याची इच्छा गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्राने कळवली होती. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास साहाय्य करू, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. हा पत्रव्यवहार एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात १८८० मध्ये आला. त्यांनी आनंदीबाईंशी पत्रमैत्री जोडली आणि आपल्या घराचे दार त्यांना उघडून दिले.

फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील जाहीर भाषणात आनंदीबाईंनी अमेरिकेस जाण्याची कारणे सांगितली. हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असा निर्धारही त्यांनी तेथे व्यक्त केला. ७ एप्रिल, १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून एकट्या निघाल्या आणि ४ जून रोजी न्यू यॉर्कला पोहोचल्या. त्यानंतर काही आठवडे त्या कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. तेथूनच त्यांनी बॉडली यांना प्रवेशासाठी पत्र लिहिले. प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पूर्ण करीत नसू, याची जाणीव त्यांनी पत्रात लपवली नाही. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी हे शिक्षण हवे आहे, हे मात्र त्यांनी ठामपणे मांडले.

या पत्रावर निर्णय घेणे अधिष्ठात्यांना सोपे नव्हते. अर्जदाराचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. तिचे शालेय शिक्षण अमेरिकन पद्धतीने झालेले नव्हते आणि तिच्याकडे त्या पद्धतीची प्रमाणपत्रेही नव्हती. एवढ्या दूरच्या देशातून आलेल्या, वेगळ्या धर्माच्या व आहाराच्या विद्यार्थिनीला महाविद्यालयाने स्वीकारल्याचा पूर्वानुभव नव्हता. बॉडली यांनी प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीचीही व्यवस्था झाली. धर्मांतराची अट कोणीही घातली नाही. आधी मिशनऱ्याकडून आलेल्या उत्तराच्या तुलनेत ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण बॉडली स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होत्या आणि मिशनच्या कार्याविषयी त्यांना आस्था होती.

फिलाडेल्फियातील वर्षे

१८८३ च्या शरद ऋतूत थिओडिशिया कार्पेंटर यांच्यासोबत आनंदीबाई फिलाडेल्फियात आल्या. बॉडली यांनी त्यांचे स्वागत केले व महाविद्यालयाशी संबंधित मंडळींशी त्यांचा परिचय करून दिला. आनंदीबाईंनी अमेरिकेत साडी नेसणे सोडले नाही आणि शाकाहारही सोडला नाही. महाविद्यालयाने त्यांना वेशात किंवा आहारात बदल करण्यास भाग पाडले नाही. शवविच्छेदनासह सर्व विषयांचा अभ्यास त्यांनी इतर विद्यार्थिनींप्रमाणेच केला.

तथापि, सद्भावनेने सर्वच अडचणी दूर झाल्या नाहीत. पेनसिल्व्हेनियातील हिवाळा, थंडीत पुरेशी ऊब नसलेली निवासव्यवस्था, परिचित शाकाहारी अन्नाचा अभाव आणि अभ्यासाचा ताण यांमुळे आनंदीबाईंची प्रकृती वारंवार बिघडत गेली. भारतातून निघतानाही त्यांची प्रकृती निरोगी नव्हती. पुढे त्यांना क्षयाने गाठले. शिक्षणाच्या अखेरच्या काळात गोपाळरावही अमेरिकेत आले. त्यांनी तेथे व्याख्यानांतून अमेरिकन व ख्रिस्ती समाजावर कडक टीका केली. त्यामुळे आनंदीबाईंच्या यजमानांपुढे अवघड प्रसंग उभे राहिले. तरीही आनंदीबाईंचे शिक्षण व त्यांना मिळणारे साहाय्य यांत खंड पडला नाही.

केई ओकामी व सबात इस्लामबुली

आनंदीबाईंच्या पाठोपाठ आशियातील आणखी दोन विद्यार्थिनी महाविद्यालयात आल्या. जपानच्या केई ओकामी (१८५९–१९४१) यांनी १८८९ मध्ये, तर ऑटोमन साम्राज्यातील दमास्कसच्या सबात इस्लामबुली यांनी १८९० मध्ये पदवी मिळवली. ओकामी या पाश्चात्त्य वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या जपानी स्त्री मानल्या जातात. मायदेशी परतल्यावर त्यांनी टोकियोतील जिकेई रुग्णालयात काम केले. पुढे त्यांनी स्वतःचा व्यवसाय केला.

१० ऑक्टोबर, १८८५ या दिवशी अधिष्ठात्यांच्या स्वागतसमारंभाच्या निमित्ताने आनंदीबाई, ओकामी व इस्लामबुली यांचे एकत्र छायाचित्र घेण्यात आले. तिघीही आपापल्या देशाच्या वेशात आहेत. हे छायाचित्र आज फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अभिलेखागारात असून स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासातील सर्वाधिक प्रसिद्ध छायाचित्रांपैकी ते एक आहे. पदवी घेण्यासाठी त्या काळी या तिघींना आपापल्या देशात कोणतेही महाविद्यालय सहजपणे उपलब्ध नव्हते.

१८८६ मध्ये अमेरिकेच्या मूलनिवासी ओमाहा जमातीतील सुसान ला फ्लेश या महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८९ मध्ये वर्गात पहिल्या येऊन डॉक्टर झाल्या. त्या परदेशी नव्हत्या. परंतु त्या काळच्या अमेरिकन कायद्यानुसार आदिवासींना सामान्यतः नागरिकत्वही नव्हते. मूलनिवासी समाजातील त्या पहिल्या पदवीधर स्त्री-डॉक्टर मानल्या जातात.

१८८६ चा पदवीदान समारंभ

आनंदीबाईंनी पदवीसाठी ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ या विषयावर प्रबंध लिहिला. ११ मार्च, १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. या समारंभास उपस्थित राहण्यासाठी बॉडली यांनी इंग्लंडमध्ये असलेल्या पंडिता रमाबाई यांना निमंत्रण दिले होते. रमाबाई त्या वेळी चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात होत्या आणि आनंदीबाईंच्या नात्यातील होत्या. लहानग्या मनोरमेला सोबत घेऊन त्या मार्चच्या आरंभी फिलाडेल्फियास आल्या. राणी व्हिक्टोरिया यांच्याकडून आनंदीबाईंना अभिनंदनाचा संदेशही आला.

विद्यार्थिनीच्या यशाच्या दिवशी तिच्या भाषेचे, तिच्या नात्याचे माणूस जवळ असावे यासाठी दिलेल्या या निमंत्रणाचे परिणाम दूरगामी ठरले. थोड्या काळासाठी आलेल्या रमाबाई अमेरिकेत सुमारे अडीच वर्षे राहिल्या. त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने दिली, बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि भारतातील उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा काढण्याकरिता साहाय्य मिळवले.

आनंदीबाईंचे निधन आणि बॉडली यांची प्रस्तावना

पदवीनंतर आनंदीबाईंची नेमणूक कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी झाली. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या अमेरिकेहून निघाल्या. मुंबईत त्यांचे उत्साहाने स्वागत झाले. पण रोग बळावला होता. कोल्हापूरचे काम त्या सुरू करू शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी, १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पूर्ण होण्याच्या महिनाभर आधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यू यॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या.

त्याच वर्षी फिलाडेल्फियात रमाबाईंचा ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिंदू स्त्रीचे बालपण, वैवाहिक जीवन, धर्म व समाज यांतील तिचे स्थान आणि वैधव्य अशा क्रमाने त्यात विवेचन असून शेवटी साहाय्याचे आवाहन आहे. बॉडली यांनी त्याला दीर्घ प्रस्तावना लिहिली. तिच्यात दोन स्त्रियांची चरित्रे येतात. एक ग्रंथकर्त्री रमाबाईंचे आणि दुसरे नुकत्याच दिवंगत झालेल्या आनंदीबाईंचे. अमेरिकन वाचकांना या दोघींचा परिचय करून देऊन, आनंदीबाईंचे अपुरे राहिलेले काम रमाबाईंच्या शाळेच्या रूपाने पुढे चालू शकेल, अशी दिशा बॉडली यांनी दाखवली. ग्रंथाच्या हजारो प्रती अल्पकाळात खपल्या. १८८७ च्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने शाळेचा खर्च दहा वर्षे उचलण्याची जबाबदारी घेतली.

११ मार्च, १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई नातू या पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झाल्या.

निधन

शारदा सदन सुरू झालेले पाहणे बॉडली यांच्या वाट्यास आले नाही. १५ जून, १८८८ रोजी फिलाडेल्फियात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या आणि अधिष्ठातापदावर कार्यरत होत्या. जन्मगावी, सिनसिनाटी येथे त्यांचे दफन झाले. त्यांच्यानंतर डॉ. क्लारा मार्शल अधिष्ठाता झाल्या. ओकामी, इस्लामबुली व ला फ्लेश यांनी बॉडली यांच्या निधनानंतर पदव्या मिळवल्या. १८९२ मध्ये मुंबईच्या गुरुबाई करमरकर याच महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुढे मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे वैद्यकीय सेवा केली. एका अधिष्ठात्याच्या व्यक्तिगत आस्थेतून सुरू झालेली ही प्रथा संस्थेत रुजली होती, असे यावरून म्हणता येते.

मूल्यमापन

बॉडली यांच्या या कार्यास मर्यादाही होत्या. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या ग्रंथाची प्रस्तावना मुख्यतः अमेरिकन ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिलेली आहे आणि भारतीय समाजाकडे पाहण्याची तिची दृष्टी त्या काळच्या मिशनरी विचारांनी घडलेली आहे. परदेशी वेशातील विद्यार्थिनींची छायाचित्रे व सत्कार यांमुळे महाविद्यालयाला प्रसिद्धी मिळत असे. त्यांतील आदर आणि कुतूहल वेगळे करणे नेहमीच शक्य नसते. आनंदीबाईंच्या निवासाची व आहाराची गरज वेळेवर ओळखून ती पुरी करण्यासाठी लागणारी व्यवस्था महाविद्यालयापाशी नव्हती. प्रवेश, शिष्यवृत्ती आणि स्नेह मिळाला, तरी विद्यार्थिनीला ऊबदार खोली व पचणारे अन्न मिळाले नाही तर शिक्षणाची किंमत तिच्या प्रकृतीला मोजावी लागते, हे आनंदीबाईंच्या चरित्रातून दिसून येते.

या गरजांची जबाबदारी संस्थांनी स्वीकारण्यास पुढे बरीच वर्षे लागली. ब्रिटनमध्ये भारतीय विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक सल्लागाराचे सरकारी पद १९०९ मध्ये निर्माण झाले व त्यावर थॉमस आर्नल्ड यांची नेमणूक झाली. लंडनमधील भारतीय विद्यार्थ्यांत क्रांतिकारक विचार पसरत असल्याने सरकार चिंतित असण्याचा तो काळ होता; त्यामुळे हे कार्यालय मदतीसाठी आहे की पाळतीसाठी, असा संशय विद्यार्थ्यांत राहिला. अमेरिकेत १९२४ मध्ये न्यू यॉर्क येथे ‘इंटरनॅशनल हाउस’ हे परदेशी विद्यार्थ्यांचे निवासस्थान उभे राहिले आणि १९४८ मध्ये परदेशी विद्यार्थी सल्लागारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. महाराष्ट्रात परदेशी विद्यार्थ्यांच्या अडचणींना उत्तर म्हणून पुण्यात शां. ब. मुजुमदार यांनी १९७१ मध्ये ‘सिंबायोसिस’ हे सांस्कृतिक केंद्र सुरू केले. त्याचे पुढे शिक्षणसंस्थेत व विद्यापीठात रूपांतर झाले. या सर्व प्रयत्नांत निवास, आहार, आजारपण आणि एकटेपण हे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेले दिसतात. १८८३ मध्ये फिलाडेल्फियातही तेच प्रश्न होते.

मराठी साहित्यातील उल्लेख

आनंदीबाईंच्या चरित्रलेखनातून बॉडली यांचे नाव मराठी वाचकांपर्यंत पोहोचले. अमेरिकन लेखिका कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. काशीबाई कानिटकर यांनी आनंदीबाईंचे चरित्र व पत्रे मराठीत प्रसिद्ध केली. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ मध्ये आली. तिच्यावरून नाटक झाले. २०१९ मध्ये समीर विद्वांस दिग्दर्शित ‘आनंदी गोपाळ’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. अंजली कीर्तने यांनी ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ या ग्रंथात आनंदीबाईंच्या अमेरिकेतील वास्तव्याचा विस्ताराने शोध घेतला आहे. या लेखनात स्वाभाविकपणे आनंदीबाई व गोपाळराव हेच केंद्रस्थानी आहेत. बॉडली त्यात महाविद्यालयाच्या अधिष्ठाता म्हणून येतात. त्यांचे रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र व संस्थाउभारणी यांतील काम मराठीत फारसे परिचित नाही.

वारसा

स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय पुढे शंभराहून अधिक वर्षे चालले. १९७० मध्ये तेथे पुरुषांनाही प्रवेश मिळू लागल्यावर त्याचे नाव ‘मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ झाले. कालांतराने झालेल्या विलीनीकरणातून आज ही संस्था ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा भाग आहे. तेथील अभिलेखागारात जुन्या महाविद्यालयाची कागदपत्रे जतन केलेली असून, आनंदीबाईंनी बॉडली यांना लिहिलेले प्रवेशाचे पत्रही त्यांत आहे.